बरं, ठेवते

“उद्यापासून यंत्राचा फोन येईल. त्यावर बाईंना बोलू देऊ नका हं, ताई. त्या फार सभ्य आहेत.”

घरी येऊन मलमपट्टी करणाऱ्या सिस्टरने हे वाक्य बेसिनपाशी हात धुता धुता म्हटलं, आणि चिमणीच्या आईने ते हसण्यावारी नेलं. आता ही चिमणीची आई म्हणजे कोण, तर जिला मुलीच्या शिंकेत न्यूमोनिया ऐकू येई आणि जांभईत अशक्तपणा दिसे. सात महिन्यांची चिमणी झोपली, की श्वास चालू आहे ना हे पाहायला ती तिच्या नाकापाशी बोट धरी. त्याने चिमणी जागी होऊन भोकाड पसरी, तेव्हा कुठे खात्री पटे. नवरा तिला ‘काळजीवाहू सरकार’ म्हणायचा. दुनियेतल्या यच्चयावत गोष्टींची धास्ती घेणाऱ्या या सरकारने नेमकी हीच सूचना कानाआड केली. कॉलेजात तिने संख्याशास्त्र घेतलं होतं. यंत्र विसरत नाही, रजेवर जात नाही, कावत नाही, हे तिला माहीत होतं. आणि सभ्यपणामुळे कुणाचं काही बिघडल्याचं तिच्या ऐकिवात नव्हतं.

बाई म्हणजे तळमजल्यावर एकट्या राहणाऱ्या निवृत्त शिक्षिका. चौतीस वर्षं त्यांनी भूगोल शिकवला. अजूनही कुणी ‘इकडे ठेवा’ म्हटलं, की ‘इकडे म्हणजे कुठे? पूर्वेला की पश्चिमेला?’ असं विचारीत. दुपारी दोन तास त्या चिमणीला सांभाळीत, म्हणून चिमणीची आई अंघोळ करू शके आणि कधी कधी नुसतीच भिंतीकडे बघत बसू शके. हे दोन तास काय चीज असते, ते ज्यांच्या घरी तान्हं मूल आहे त्यांनाच ठाऊक. बाईंना साखरेचा आजार होता, आणि उजव्या तळपायाची एक जखम काही केल्या भरून येईना. आरोग्य केंद्राची सिस्टर दर मंगळवारी आणि शुक्रवारी येऊन ती धुवून, औषध लावून, बांधून जाई.

पण केंद्रात सिस्टर थोड्या आणि पाय फार. म्हणून केंद्राने नवी सिस्टीम आणली. संगणक रोज सकाळी प्रत्येकाला फोन करणार, तब्येत विचारणार, आणि कुणाकडे सिस्टर पाठवायची, कुणाकडे नाही, ते ठरवणार. कल्पना चुकीची होती असं नाही. ज्याला गरज त्याला आधी, याला कोण नाही म्हणेल?

नऊ वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. बाई आधीपासून केस विंचरून खुर्चीत ताठ बसल्या होत्या. चिमणीची आई दारात, कडेवर चिमणी, हातात घराची किल्ली.

“नमस्कार,” एक गोड आवाज म्हणाला. “आज आपली तब्येत कशी आहे?”

“बरी आहे,” बाई म्हणाल्या. “तुम्ही कशा आहात?”

या प्रश्नाची तयारी कुणी करून ठेवलेली नव्हती.

“आपले उत्तर नोंदवले आहे. आणखी काही?”

चिमणीने तेवढ्यात किल्ली तोंडात घातली, म्हणून तिची आई वर धावली. बाई पुढे काय बोलल्या, ते तिने ऐकलं नाही. दुपारी बाई म्हणाल्या, “शिस्तीची मुलगी आहे हो. मधे मधे बोलत नाही.”

“बाई, ते यंत्र आहे.”

“असेल. पण वळण चांगलं आहे.”

नवव्या दिवशी बाईंच्या फोनवर संदेश आला : ‘आपली प्रकृती समाधानकारक असल्यामुळे गृहभेटी थांबवण्यात येत आहेत. अभिनंदन.’ त्या मंगळवारी सिस्टर आली नाही. शुक्रवारीही नाही.

“बाई, पाय बघू.”

“काही नको. मी बांधलाय नीट.”

“मग डॉक्टरकडे तरी जाऊ. मी गाडी बोलावते.”

“कशाला? केंद्राने लेखी कळवलंय. आयुष्यभर मी दुसऱ्यांना पास केलं, पहिल्यांदा मला कुणी पास केलंय, आणि तू फेरतपासणी मागतेस?”

पाय त्यांनी चादरीखाली ओढून घेतला. स्वतःच्या विद्यार्थिनींच्या वयाच्या बाईकडून पाय धरवून घ्यायचा नाही, हा त्यांचा बाणा होता. आणि लेखी कागदापुढे तोंडी काळजीची किंमत किती, हे चौतीस वर्षं शाळेत काढलेल्या माणसाला कोण समजावणार?

तेव्हा चिमणीच्या आईने ठरवलं, की केंद्रात जाऊन तो एक शब्द बदलून घ्यायचा. ‘बरी’ खोडायचं, ‘बरी नाही’ लिहायचं. पंधरा मिनिटांचं काम. हे पंधरा मिनिटांचं काम आहे असं ती जिन्यात मोठ्याने म्हणाली, हीच चूक झाली. जिन्यात बोललेली गोष्ट खाजगी राहत नाही. तिची लगेच सभा होते.

दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी पस्तीस वर्षं कुठल्याशा कचेरीत काढली होती. ते म्हणाले, “हे बघ पोरी, चार नंबरच्या खिडकीवर जा. तीनवर चुकूनही जाऊ नकोस. आणि अर्जात ‘सविनय’ दोनदा घाल. एकदा वर, एकदा खाली.”

काकूंचं मत निराळं. “अर्जबिर्ज काही नको. चिमणीला घेऊन जा. ती रडायला लागली की पटापट सोडतात. माझा अनुभव आहे.”

“तुझा कसला अनुभव?” काका म्हणाले. “आपली पोरं रडायची तेव्हा कचेरीत मी होतो. मी कुणाला सोडलं नाही.”

चिमणीच्या आईने दोन्ही सल्ले मानले. सविनय दोनदा घातलं आणि चिमणीला कडेवर घेतलं. घरी दिवसभर रडणारी ही मुलगी चार नंबरच्या खिडकीपाशी पोचताच अशी प्रसन्न झाली, की तिने कारकुनाला बघून दोन्ही हिरड्या दाखवल्या आणि टाळ्या वाजवल्या. एवढ्या सुखी दिसणाऱ्या अर्जदारांचा अर्ज तातडीचा आहे, असं कुणाला वाटेल?

“सिस्टीमने ठरवलंय, ताई,” कारकून म्हणाला.

“ती कुठे बसते?”

“कोण?”

“सिस्टीम.”

“ती बसत नाही.”

“मग उभी असेल तिथे जाऊन सांगते. पण कुणाला सांगू ते तरी सांगा. या निर्णयाखाली सही कुणाची?”

कारकुनाने पडद्याकडे पाहिलं, मग पडद्यामागे पाहिलं. सही कुठेच नव्हती. तो माणूस वाईट नव्हता. आवाज खाली आणून म्हणाला, “असं करा, उद्या फोन आला की दुसरं उत्तर द्या. माझं सिस्टीम ऐकत नाही. तुमचं ऐकेल.”

सल्ला सरळ होता. बाईंना तो पटेना. “मी वाईट आहे म्हणून सांगू? वाईट म्हणजे चोर, दरोडेखोर. आपण होऊन कण्हायचं, तेही परक्या मुलीपाशी?”

शेवटी दुसऱ्या दिवशी फोन चिमणीच्या आईने घेतला.

“आज आपली तब्येत कशी आहे?”

“बरी नाही.”

“आपले उत्तर नोंदवले आहे. बरी.”

“नाही, नाही! बरी नाही! अजिबात बरी नाही!”

“बरी. धन्यवाद.”

संख्याशास्त्राची पदवीधर फोनकडे बघत राहिली. ‘नाही’ हा शब्द या यंत्राच्या शाळेत शिकवला गेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिने हुशारी केली. “वाईट,” ती ठणकावून म्हणाली. त्या आवाजाने दचकून चिमणीने सूर लावला. दोन दिवसांपूर्वी खिडकीपाशी राखून ठेवलेलं सगळं रडं तिने आता काढलं.

“आपल्याजवळ बाळ आहे का?” यंत्राने विचारलं.

खोटं कशाला बोला? “हो.”

“बाळाचे वय?”

“सात महिने. पण ते सोडा, पायाचं...”

“नोंद घेतली आहे.”

दुपारी बाईंच्या फोनवर संदेश आला : ‘मातृत्वाबद्दल अभिनंदन. बाळाच्या लसीकरणाची तारीख चुकवू नका.’ बाई एकाहत्तर वर्षांच्या होत्या आणि आजन्म अविवाहित. त्यांनी चष्मा लावून तो संदेश दोनदा वाचला, चष्मा काढून घडी करून ठेवला, आणि एवढंच म्हणाल्या, “शाळेतल्या बायकांना कळू देऊ नकोस.”

आणि खरंच, दुसऱ्या दिवशी सिस्टर आली! पण ही दुसरी, अगदी तरुण, खांद्याला बाळं तोलायचा काटा. गळ्यातल्या यंत्रावर एकेका घराची मिनिटं उलटी मोजली जात होती. तिने चिमणीला काट्यात घातलं, वजन लिहिलं, डोळे तपासले.

“जरा यांचा पाय बघता का?” चिमणीच्या आईने विचारलं. “तुमच्याकडे पट्ट्या आहेतच.”

तिने यंत्रात वर-खाली शोधलं. “पाय माझ्याकडे नाही हो, ताई. माझ्याकडे माता आणि बाळ.” मग तिलाच कसंसं झालं असावं. काटा खाली ठेवून ती बाईंकडे वळली. “आजी, दाखवा बरं. काही होतंय का?”

“छे. बरी आहे मी,” बाई चादर सारखी करीत म्हणाल्या. “तू जा, तुझी पुढची घरं राहतील.”

गळ्यातलं यंत्र वाजलं आणि ती गेली. या इथे यंत्राला बोल लावता येत नाही, हे चिमणीच्या आईने नंतर पुष्कळदा स्वतःला सांगितलं. खोलीत बाईंखेरीज दोन जाणत्या बायका होत्या, दोघींना डोळे होते, आणि दोघी त्याच एका ‘बरी’वर मागे फिरल्या.

पण तेव्हा तिच्या डोक्यात एकच, शब्द बदलायचा. चौथ्या प्रयत्नात तिने चिमणीला नवऱ्याकडे दिलं, दार लावलं, श्वास रोखला आणि स्वच्छ सांगितलं, “वाईट. पायाला जखम आहे. सिस्टर पाठवा.”

“नोंद घेतली आहे. आणखी काही?”

“नाही, एवढंच. बरं, ठेवते.”

दुपारी संदेश : ‘आपली प्रकृती समाधानकारक आहे.’

आता मात्र ती रडली. नवरा दारात उभा. एरवी त्याने ‘सरकार पडलं’ म्हटलं असतं. या वेळी तो भांडी घासायला गेला.

त्यातून बाईंनी फोन परत मागून घेतला. “माझा फोन मला दे बाई. तुझ्या आरडाओरड्याने ती मुलगी घाबरली असेल. रोज सकाळी मलाच तर फोन करते ती.”

मग पुन्हा खिडकी नंबर चार. कारकुनाने हरकतीचा अर्ज काढून दिला. त्यावर छापलं होतं, की हरकत घेणाऱ्याने स्वतः हजर राहावं.

“त्यांना चालवत नाही, म्हणून तर हरकत आहे.”

“बरोबर आहे. पण त्या आल्या नाहीत, तर गैरहजर.”

“आणि चालत आल्या तर?”

कारकून ओशाळला. “तर मग... चालतात असं दिसेल.”

त्या अर्जात ‘सविनय’ला जागाच नव्हती. नुसत्या चौकटी होत्या. चिमणीच्या आईने अर्ज परत सरकवला आणि बाकावर बसली. म्हणाली, “ज्यांना सही करता येते असं कुणीतरी या इमारतीत असेल. ते भेटेपर्यंत मी इथेच आहे. हिचं दूध, लंगोट, सगळं आणलंय मी.” लंगोट या शब्दाला कचेरीत विलक्षण वजन असतं. चार दिवसांनंतरची वेळ मिळाली, वरच्या मजल्यावरच्या मॅडमची.

मॅडमच्या खोलीत भिंतीवर मोठा तक्ता होता. हिरवी रेघ डावीकडून उजवीकडे चढत गेलेली. खाली लिहिलं होतं, ‘बरे असलेले नागरिक : शंभरात चौऱ्याण्णव.’

“महिन्यात इतकी सुधारणा,” मॅडम म्हणाल्या, पण आवाजात फुशारकी नव्हती. थकवा होता. “तुमची हरकत काय आहे?”

“मी ‘वाईट’ म्हणाले आणि त्याने ‘बरी’ लिहिलं. कसं ते मला ऐकायचंय. फोनचं ध्वनिमुद्रण होतं ना?”

होतं. नियमाप्रमाणे ऐकताही येत होतं. आजवर कुणी मागितलं नव्हतं, एवढंच. कारकुनाने वर येऊन यंत्र जोडून दिलं. आधी चिमणीच्या आईचाच आवाज आला, तिला वाटला होता त्याहून कर्कश : “वाईट. पायाला जखम आहे. सिस्टर पाठवा.” मग, “नाही, एवढंच. बरं, ठेवते.”

“थांबा,” मॅडम म्हणाल्या. “पुन्हा लावा.”

बरं, ठेवते. यंत्र शेवटचा ओळखीचा शब्द धरीत होतं, आणि त्याच्या लेखी ‘बरं’ म्हणजे ‘बरी’.

कारकून हळूच म्हणाला, “पण मॅडम, फोन ठेवताना सगळेच म्हणतात ‘बरं’. मी पण म्हणतो.”

तिघांनी भिंतीवरच्या हिरव्या रेघेकडे पाहिलं. माणसं बरी झाली होती म्हणून ती चढली नव्हती. त्यांनी फोन रीतीने ठेवला होता, म्हणून चढली होती.

“बाईंचे पण लावा,” चिमणीची आई म्हणाली. “अगदी पहिल्यापासून.”

पहिला दिवस. “बरी आहे. तुम्ही कशा आहात?” यंत्राचं “आणखी काही?” आणि मग, ती किल्ली हिसकावत जिना चढत होती तेव्हाचं : “तसं विशेष नाही, पण रात्री पाय ठणकतो जरा. चालायचंच. बरं, ठेवते.”

सहावा दिवस. “बरी आहे. पण अंगठ्याला स्पर्श कळत नाहीये दोन दिवस. तुम्ही लिहून घेताय ना? बरं, ठेवते.”

एकविसावा. “बरी आहे. पण जखमेला वास यायला लागलाय. वर बाळ असलेली मुलगी आहे, तिला सांगत नाही, ती आधीच काळजीने अर्धी झालीये. तुमच्याकडे माझ्यापेक्षा अडचणीतली माणसं असतील, त्यांचं आधी बघा. पण सवड झाली, की सिस्टरना सांगा. बरं, ठेवते.”

चोविसावा, म्हणजे त्याच दिवशी सकाळचा. “बरी आहे. पण आज उभं राहता येत नाहीये.” मग खुर्ची करकरल्याचा आवाज. “बरं, ठेवते.”

चिमणी मॅडमच्या टेबलावरची टाचण्यांची डबी ओढत होती आणि तिच्या आईने ती ओढू दिली. यापूर्वी असं कधी झालं नव्हतं. तिला आधी राग आला, आणि तो बाईंचा आला. रोज दुपारी समोर बसणाऱ्या मला नाही, त्या गोड आवाजाला सांगितलं? मग आठवलं, की रोज सकाळी दारातून तीही विचारत होती, ‘काय बाई, कशा आहात?’ आणि ‘बरी आहे’ ऐकून निघत होती. फोन निदान ‘आणखी काही?’ असं तरी विचारत होता.

“हे कुणीच ऐकत नाही?” तिने विचारलं.

“ऐकण्याचं काम सिस्टीमकडे दिलंय,” मॅडम म्हणाल्या. ते वाक्य तोंडातून बाहेर पडल्यावर त्यांनाच ते ऐकू आलं. त्यांनी टेबलाच्या खणातून कोरा कागद काढला, हाताने चार ओळी लिहिल्या, खाली सही केली, सहीखाली पूर्ण नाव लिहिलं. “घ्या. कुणी विचारलं तर हे मी ठरवलंय.” कारकून तो कागद घेऊन जिना उतरला तो धावतच.

तासाभरात जुनी सिस्टर बाईंच्या दारात होती. तिने काही विचारलं नाही. सरळ चादर बाजूला केली, आणि गाडी बोलावली.

पाय वाचला. दोन बोटं गेली. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन दिवसांनी आणलं असतं तर घोट्याच्या वर जावं लागलं असतं. बाई शुद्धीवर आल्यावर त्यांनी विचारलं, कसं वाटतंय? “बरी आहे,” बाई म्हणाल्या. डॉक्टर शहाणे होते. ते खुर्ची ओढून बसले.

चिमणीची आई उशाशी होती. बाई तिच्याकडे न बघता म्हणाल्या, “मी सांगितलं होतं गं. रोज सांगत होते. मला वाटलं, ती मुलगी कुणाला तरी सांगेल.”

ती मुलगी नव्हती, हे त्यांना पुन्हा सांगायचा धीर चिमणीच्या आईला झाला नाही.

केंद्राने आता पद्धत बदलली आहे. भेटी थांबवायच्या तर त्या कागदाखाली माणसाची सही लागते, आणि सही करणाऱ्याने आधी स्वतः फोन ऐकायचा. हिरव्या रेघेचा तक्ता उतरवला आहे. भिंतीवर त्याच्या आकाराचा पांढरा चौकोन राहिला आहे. मात्र त्या महिन्यात ‘समाधानकारक’ म्हणून भेटी थांबलेली माणसं होती तीनशे अठरा. त्या सगळ्यांचे फोन ऐकायचे, तर ते काम दोघांकडे आहे. त्यातला एक खिडकी नंबर चारचा कारकून. परवा तो कानाला लावलेलं यंत्र काढून बाहेर आला, तेव्हा त्याचे डोळे लाल होते. “लोक केवढं बोलतात हो, ताई,” तो म्हणाला. “आम्ही चाळिसाव्या माणसापर्यंत आलोय.”

म्हणून ही गोष्ट ज्यांच्या हाती पडेल, त्यांना चिमणीच्या आईचं हात जोडून एक सांगणं आहे. उरलेल्या दोनशे अठ्ठ्याहत्तरांची नावं तिला कुणी देणार नाही, आणि ते योग्यच आहे. पण त्यातलं एखादं माणूस तुमच्या खालच्या मजल्यावर असेल, समोरच्या दारात असेल, तुमच्या आत्याच्या घरी असेल. आज जाऊन बघून या. मूल कडेवर असलं तरी चालेल, फक्त दारातून विचारू नका. आत जा, बसा, आणि ते ‘पण’ म्हणेपर्यंत उठू नका.